५२ दात्यांचा रुबाब आणि नांदुरीचा घाट

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं गिअरची आहेत. पावसाळा सरत आला की दरवर्षी असंच होतं, लोकांना सप्तशृंगीचा गड आठवतो, कसारा आठवतो आणि मग गुडघा आठवतो. सगळ्यात लांब पत्र नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकाचं आहे, त्यालाच जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर त्यातच निघेल.

प्रश्न: वय ४७, वजन ८२, राहायला इंदिरानगर, नोकरी अंबडला. माझ्या काकांनी १९८० च्या आसपास परदेशातून आणलेली स्टीलची रेसिंग सायकल आता माझ्याकडे आलीय. बारीक नळ्या, खाली वळलेलं हँडल, गिअरचे दोन खटके खालच्या तिरक्या नळीवर. पुढे ५२ आणि ४२ दाते, मागे पाच चकत्यांचं फ्रीव्हील, १४ ते २४. चाकं ७०० ची. रंग करून घेतला, टायर-केबल नवे टाकले. रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन येतो, काही त्रास नाही. पण मागच्या महिन्यात नांदुरीहून गड चढायला घेतला आणि चौथ्या किलोमीटरला उतरून ढकलत न्यावी लागली, पायी चालणारे भाविक माझ्या पुढे निघून गेले. ग्रुपमधली पोरं म्हणतात, काका, ब्रेक-गिअर एकत्र असलेले मॉडर्न शिफ्टर टाका. एक सिनिअर म्हणतात, जुन्या सायकलला हात लावू नकोस, आणि हलके गिअर टाकणं म्हणजे चिटिंग. सायकलचं रूप बिघडू द्यायचं नाहीये, पण गडावर सायकलवर बसूनच जायचंय. बजेट पंधरा हजारांच्या आत. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातली कामाची ओळ एकच, पायी चालणारे पुढे गेले. शिफ्टरचं नंतर बघू.

आधी आकडा मांडू. ७०० चं चाक एकदा फिरलं की सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ४२ मागे २४, भागाकार १.७५, म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल ३.७ मीटर जाणार. आता घाटात तुमचा स्पीड ताशी ८ धरा, आपल्या वयाला गडाच्या चढावर ८ म्हणजे बरा स्पीड आहे. या गिअरमध्ये ८ च्या स्पीडला मिनिटाला फेरे होतात ३६. सपाटीला तुम्ही ७०-८० फेरे आरामात मारत असणार, ते निम्म्यावर आले की प्रत्येक फेरा म्हणजे एकेक उंच पायरी चढल्यासारखं होतं, सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवर. नांदुरीपासून वरपर्यंत साधारण १० किलोमीटरचा रस्ता, म्हणजे सव्वा तास हेच. चौथ्या किलोमीटरपर्यंत तग धरलात तेच खूप झालं.

हेच पुढे ३४ मागे २८ केलं तर त्याच ८ च्या स्पीडला ५२ फेरे होतात. पुढे ३४ मागे ३४ केलं तर ६३. पाय तेच, दम तोच, घाट तोच, नुसती वाटणी बदलली.

आता त्या सिनिअर काकांचं. चिटिंगचा मुद्दा फार जुना आहे, त्यांनी काढलेला नाही. टूर द फ्रान्स १९०३ साली ज्यांनी सुरू केली त्या आन्री देग्रांज साहेबांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलंय की गिअर बदलायची सोय ही पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांसाठी असते. तुम्ही ४७ चे, म्हणजे साहेबांच्या नियमानेही तुम्हाला परवानगी आहे, काकांना सांगून टाका. गंमत बाजूला ठेवू, पण त्या स्पर्धेत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला, परवानगीच मिळाली १९३७ साली, त्याआधी रेसवाले मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावायचे आणि घाट आला की उतरून चाक काढून उलटं करून बसवायचे. परंपरा म्हणायची तर मग ती पण पाळा, घोटीच्या अलीकडे चाक काढून बसा रस्त्याच्या कडेला. आणि जुनं म्हणजे ५२/४२ च असंही काही नाही, फ्रान्समधले लांब पल्ल्याचे हौशी सायकलवाले त्याच काळात ४६/३० सारख्या जोड्या लावून डोंगर चढत होते. ५२/४२ होती रेसच्या पोरांसाठी, ती दुकानात आली, तिथून तुमच्या काकांकडे आली.

५२ तुम्हाला लागतं का तेही बघा. ५२ ला मागे १४ लावून मिनिटाला ९० फेरे मारले तर स्पीड येतो ताशी ४२. द्वारकेच्या उड्डाणपुलावरून उतरताना सोडलं तर हा स्पीड तुम्ही शेवटचा कधी पाहिला? पुढे ४८ केलं तरी त्याच फेऱ्यांना ३९ मिळतात. चार दाते गेले, फक्त रुबाब कमी झाला. आपल्याकडे २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने अमेरिका आडवी पार करायची रॅम ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून नाशिकमध्ये रेसच्या सायकलींचं वेड आलंय, चांगलंच आहे, पण त्यांचे पाय आणि आपले पाय यात फरक आहे हे गिअर घेताना विसरायचं नाही.

म्हणून माझा सल्ला, पुढे ४८/३४ आणि मागे १४-२८. आता हे तुमच्या सायकलवर कसं बसवायचं ते बघू, खरी मजा इथंच आहे.

पहिल्यांदा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतात तो दांडा. पुढच्या चकत्या क्रँकच्या पाच बोटांना बोल्टने बसवलेल्या असतील तर शेजारशेजारच्या दोन बोल्टांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा, पट्टीने नीट. साधारण ८४-८५ मिलिमीटर आलं तर तो जुना १४४ चा क्रँक (हा आकडा बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), त्यावर ४१ च्या खाली चकती बसतच नाही, कितीही शोधा. ७६ च्या आसपास आलं तर १३० चा, त्यावर ३८-३९ पर्यंत. ६५ च्या जवळ आलं तर ११० चा, लॉटरी लागली, ३४ बसेल. १९८० ची रेसिंग सायकल म्हणजे पहिल्या दोनपैकीच असणार असा माझा अंदाज. आणि चकत्या रिव्हेट मारून कायमच्या बसवलेल्या असतील किंवा क्रँक कॉटरवाला, म्हणजे पाचर ठोकून बसवलेला असेल तर तो प्रश्नच मिटला, क्रँक बदलायचाच. ११० चा चौकोनी एक्सलवाला चंदेरी ॲल्युमिनियम क्रँक घ्या, काळा घेऊ नका, जुन्या फ्रेमवर काळा क्रँक म्हणजे पैठणीवर स्पोर्ट शूज.

क्रँकबरोबर बीबी, म्हणजे क्रँकच्या मधला एक्सल आणि त्याचे बेअरिंगचे कप, तो पण काढावा लागेल, तिथे एक धोका आहे. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजू सुलट. आणि काही फ्रेंच सायकलींना त्यांचंच वेगळं माप. म्हणून फ्रेम कुठली आहे ते कळल्याशिवाय मेकॅनिकला दोन फुटी पाइप लावून जोर करू देऊ नका, कपवर माप कोरलेलं असतं, रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचा. बीबीच्या नळीची रुंदी ६८ आली तर बहुतेक इंग्लिश, ७० आली तर इटालियन.

मग मागचं. पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचा हब बहुतेक १२० मिलिमीटरचा असतो, सहा-सातच्या फ्रीव्हीलला १२६ लागतात. चाक काढा आणि मागच्या चिमट्याच्या आतलं अंतर मोजा. स्टीलची फ्रेम असल्यामुळे १२० चा चिमटा १२६ ला उघडता येतो, जाणकार माणूस हळूहळू वाकवतो आणि मग फ्रेमच्या डोक्यापासून मागच्या टोकांपर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते बघतो, जो दोरा ताणणार नाही त्याच्याकडे फ्रेम देऊ नका. ॲल्युमिनियमची फ्रेम असली असती तर हे करूच नका म्हणालो असतो. नाहीतर आहे त्याच हबवर पाच चकत्यांचंच १४-२८ मिळालं तर शोधा, सगळ्यात कमी खर्चाचं काम. जुनं फ्रीव्हील काढायला त्याचीच खाचांची किल्ली लागते, दर कंपनीची वेगळी. छिन्नी-हातोडी घेणारा मेकॅनिक दिसला की सायकल उचला आणि चालायला लागा.

सात चकत्यांचं फ्रीव्हील बसवलंत तर एक लक्षात ठेवा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं आणि बाहेर एक्सलचा लांब दांडा मोकळा राहतो. तुमचं वजन ८२, शिवाय पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे, एक्सल वाकतो, कधी कधी तुटतो. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवला आणि टोक गोल गोल डोलायला लागलं की समजायचं वाकला. पुढेमागे पैसे आले तर कॅसेटवाला हब (ज्यावर चकत्या नुसत्या सरकवून बसवतात) घ्या, त्यात बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं म्हणून तो टिकतो. घाई नाही.

आता डिरेलर आणि चेन. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी पण असाच उत्साहात मागचं फ्रीव्हील २४ चं काढून २८ चं टाकलं. दुकानात म्हणाले, चेन चांगली आहे, तीच राहू द्या. मी पण हो म्हटलं, दोनशे-तीनशे वाचले. पेठ रोडने सावळ घाटाकडे निघालो, पहाटेची वेळ, थंडी. चढ लागला, पुढची मोठी चकती बदलायचं लक्षात नाही आणि मागचा खटका ओढला थेट २८ वर. चेनला तेवढी लांबीच नव्हती. एक कट्ट आवाज आला, डिरेलर पुढे ओढला गेला, वळला, आणि तारांमध्ये गेला. तीन तारा तुटल्या, डिरेलर टांगायचा कान वाकडा. शेवटी टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटवर सायकल आडवी टाकून नाशिकला आलो, ड्रायव्हर भाऊंनी भाडं घेतलं नाही पण रस्ताभर विचारत होते, गिअरची सायकल कशाला घेतली.

तर चेन कापताना नियम हा, पुढची सगळ्यात मोठी आणि मागची सगळ्यात मोठी या जोडीवर चेन डिरेलरमधून न घेता गुंडाळायची, जिथे टोकं भेटतात त्याच्या पुढे साधारण एक इंच जास्त ठेवायची. तो गिअर तुम्ही वापरणार नाही, पण चुकून पडला तर सायकल शाबूत राहिली पाहिजे. आणि डिरेलरची ताकद, म्हणजे त्याला चेनची किती ढील ओढून घ्यावी लागेल ते, दात्यांत असं काढतात, पुढच्या दोन चकत्यांच्या दात्यांमधला फरक अधिक मागच्या लहान-मोठ्या चकत्यांमधला फरक. ४८ वजा ३४ म्हणजे १४, २८ वजा १४ म्हणजे १४, एकूण २८. तुमच्या जुन्या रेसिंग डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, आखूड असणार, त्याला एवढं झेपायचं नाही, लांब पिंजऱ्याचा घ्या. दिसायला जरा लोंबतो, पण गडावर पोचल्यावर कोणी बघत नाही.

आता शिफ्टर. एवढं सगळं वाचून झाल्यावर तुम्हाला कळलं असेल मी हे शेवटी का ठेवलं, कारण वरचं ठरलं की शिफ्टर आपोआप ठरतो.

तुमचे खटके फ्रिक्शनचे आहेत, म्हणजे त्यात टकटक खाचा नाहीत, खटका सरकवायचा, खरखर ऐकायची, आवाज थांबला की गिअर बसला. टकटकवाला प्रकार शिमानोने १९८४ मध्ये आणला आणि ब्रेकच्या दांडीतच गिअर १९९० मध्ये, पुढे दोन वर्षांनी कॅम्पाग्नोलोचा. त्या दोन्हींत एक अट असते, शिफ्टर, डिरेलर, चकत्यांमधलं अंतर सगळं एकमेकांना जुळलं पाहिजे, सात स्पीडचा शिफ्टर आठच्या कॅसेटला चालत नाही. फ्रिक्शनच्या खटक्याला ही अटच नाही, पाच लावा, सात लावा, डिरेलर कुठल्याही कंपनीचा लावा, तो केबल ओढतो आणि तुमचा कान बाकीचं काम करतो. मिळेल ते पार्ट जोडून जुनी सायकल चालवायची असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. आणि आत्ताच्या चकत्यांच्या दात्यांना बाजूने उतार कापलेले असतात, चेन आपणहून चढते, त्यामुळे नव्या फ्रीव्हीलवर जुना खटका काकांच्या काळापेक्षा सोपा चालतो. हे अनुभवाचं सांगतोय.

म्हणून खटके तेच ठेवा. एकच तक्रार येईल तुमची, चढावर जोर लावला की मागचा खटका आपोआप सैल पडतो आणि चेन लहान चकतीवर उतरते, नेमकी जिथे नको तिथे. तुमचा खटका खराब झालाय असं समजू नका. डिरेलरची स्प्रिंग केबल सतत ओढत असते आणि खटका तिला फक्त घर्षणाने धरून ठेवतो. खटक्याच्या मधोमध जो स्क्रू असतो, कधी त्याला इंग्रजी डी सारखी कडी असते, तो पाव फेरा घट्ट करा. कडी नसेल तर खिशातलं रुपयाचं नाणं त्या खाचेत बरोबर बसतं. फार घट्ट केलात तर हलणार नाही, अंगठ्याने ढकलल्यावर जाड मधात चमचा फिरवल्यासारखा जावा. आत वॉशर असतात, त्यांना ग्रीस लावू नका, एका उत्साही माणसाने लावलं होतं आणि खटका झुल्यासारखा झुलत होता (तो माणूस मीच).

हात हँडलवरून काढावा लागतो, हे खरं. त्र्यंबक रोडला ट्रॅव्हल्सच्या गर्दीत एका हाताने सायकल सांभाळत दुसरा हात गुडघ्याशी न्यायचा म्हणजे सवय होईपर्यंत जीव मुठीत. ते जमत नसेल तर हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर घ्या, तेही फ्रिक्शनमध्ये मिळतात, हात हँडलवरच राहतो, रूपही जुनंच. दोष दोनच, सायकल भिंतीला टेकवताना पडली की पहिला मार त्यांना, आणि उभं राहून वळताना गुडघा लागून गिअर पडतो.

ब्रेकमधले शिफ्टर वाईट नाहीत, मुलांच्या सायकलींना असतात, मजा येते. तुमच्या सायकलला लावायचे तर पुढे ब्रेक, मागे कॅसेट, हब, चिमटा १३० ला उघडणं, नळीवर खटक्यांच्या जागी केबलचे स्टॉप, एवढा पसारा होतो. पंधरा हजार कधी संपले कळणारही नाही. आणि आतलं ग्रीस सुकलं की ते अडकतात, खोलून दुरुस्त करणारा माणूस शोधत बसावं लागतं. खटका मात्र दाभणाएवढ्या स्क्रू-ड्रायव्हरने घरी खोलता येतो. पोरांना सांगा, काका विचार करतायत.

शेवटचं, घाटात गिअर टाकायची पद्धत. चढ सुरू व्हायच्या आधी टाका, चढावर अडकल्यावर टाकू नका. टाकताना पाऊण फेऱ्यापुरता पायाचा जोर कमी करा, पाय फिरते ठेवा, खटका किंचित जास्त ओढून चेन चढली की परत जरासा सोडा. आठवडाभर सोमेश्वर-गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, गर्दी नसताना, हेच करत बसा. मग एकदा गडावर जाऊन कळवा.

प्रश्न: मी म्हसरूळला राहते, उंची पाच फूट एक इंच. माझ्याकडे साधी हायब्रीड आहे, पुढे तीन चकत्या मागे सात, सरळ हँडल. आषाढीच्या आधीच्या पंढरपूर सायकलवारीला जायचंय. वळलेलं हँडल टाकून ती रेसिंगसारखी करता येईल का? तशी सायकल चालवणाऱ्यांनी सांगितलं वाऱ्याला बरं पडतं.

उत्तर: ताई, करता येतं पण करू नका. सरळ हँडलचं टोक २२.२ मिलिमीटर जाडीचं असतं, वळलेल्याचं २३.८, म्हणजे तुमचे आत्ताचे शिफ्टर, ब्रेक काहीच त्यावर चढणार नाही. शिवाय तुमच्या सायकलला व्ही-ब्रेक असतील तर रेसिंगच्या ब्रेकची दांडी त्यांना पुरेशी केबल ओढत नाही, ब्रेक अर्धवट लागतो, त्यासाठी वेगळ्या दांड्या लागतात. आणि हँडल वळलेलं झालं की ते पुढे जातं, तुमच्या उंचीला हात ताणावे लागतील आणि मान दुखेल. त्यापेक्षा आहे त्या हँडलला टोकांना शिंगं बसवा, हात बदलायला जागा मिळते. तुमचे गिअर मात्र इंदिरानगरवाल्यांनी बघायला यावेत असे आहेत. अशा सायकलींना पुढे लहान चकती २८ ची आणि मागे मोठी २८ ची बऱ्याचदा असते, म्हणजे एकास एक, पंढरपूरच्या रस्त्याला त्याहून हलकं लागत नाही. चेन तिरकी घासते म्हणालात तर पुढे मोठी आणि मागे पण मोठी, किंवा दोन्ही लहान, या जोड्या टाळा, बस.

प्रश्न: गंगापूर रोड, इंजिनिअरिंगला आहे. जुनी स्टीलची सायकल भंगारवाल्याकडून घेतली, तिला पुढे एकच चकती ठेवायचीय, कमी पार्ट कमी कटकट. पण सिंगल स्पीड नको, कारण आमचं कॉलेज चढावर आहे. कसं करू?

उत्तर: पुढे ४२ एकच, मागे सात चकत्यांचं १४-३४ फ्रीव्हील. ४२ ला ३४ चा भागाकार १.२४, म्हणजे वर मी काकांना जो ३४/२८ सांगितला जवळजवळ तेवढंच हलकं, आणि तुझी पुढच्या डिरेलरची केबल, एक खटका, सगळं वाचलं. वरचा गिअर ४२/१४, मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ३४, कॉलेजला उशीर होणार नाही. दोन गोष्टी बघ. या फ्रीव्हीलमध्ये बहुतेक वेळा चकत्या १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग थेट ३४ अशा येतात, शेवटची उडी मोठी आहे, पाय एकदम मोकळे फिरायला लागतात, घाबरू नकोस. दुसरं, पुढचा डिरेलर काढला की खड्ड्यात चेन उतरते, म्हणून तो काढू नकोसच, केबल न लावता एका जागी स्क्रूने बसवून ठेव, चेनला कुंपण होतं. मागे लांब पिंजऱ्याचा डिरेलर. बाकी पैशांची मिसळ खा.

प्रश्न: सिडकोतून. माझी चेन घसरते. दुकानदार म्हणतो चेन, फ्रीव्हील, पुढच्या चकत्या पूर्ण सेट बदला. खरंच लागतं का?

उत्तर: आधी मोजा. शाळेतली स्टीलची फूटपट्टी घ्या, प्लॅस्टिकची नको. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, चेन ताणलेली हवी. चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे शून्यावरची पिन न मोजता चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला पाहिजे. पिनचा मध्य रेषेवर किंवा अगदी जरासा पुढे असेल तर चेन चांगली आहे, घसरण्याचं कारण गिअरच्या सेटिंगमध्ये शोधा. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर फक्त चेन बदला, बाकी वाचेल. एक अष्टमांश किंवा जास्त पुढे गेला तर मागच्या चकत्या पण झिजल्यात, नवी चेन जुन्या चकत्यांवर उड्या मारेल, दोन्ही बदला. पुढच्या चकत्या मात्र इतक्या लवकर जात नाहीत, दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेले दिसले तरच त्यांना हात लावा. पट्टी घेऊन दुकानातच मोजा, समोर.